‘नंबर ठोकून मिळेल’ म्हणे!

“जुन्या १६१३ ला बीएस-६ इंजिन टाका. अ‍ॅव्हरेज दुप्पट, फिटनेस नव्याने. जुना नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून मिळेल, आरटीओत जायची गरज नाही.” १६१३ म्हणजे टाटाचा ट्रक, बीएस-६ म्हणजे धुराचे नवे कडक निकष आणि ब्लॉक म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, ज्यावर इंजिन नंबर ठोकलेला असतो. हा मेसेज वाचून आमचे मेहुणे इसार द्यायला निघाले, म्हणून हे लिहिणं आलं.

आधी नंबरचं बघू, कारण बुडवणारी गोष्ट तीच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उघडून वाचा. मंजुरीशिवाय इंजिन बदललं असेल, तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. नंबर घासून दुसरा ठोकणं ही तर सरळ बनावटगिरी. ब्लॉक चोरीचा निघाला तर पोलीस गाडीमालकाच्या दारात येणार, ठोकणाऱ्याच्या नाही. अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर चेसिस आणि इंजिन नंबर तपासतो. तिथे घोळ दिसला की क्लेम अडकला.

बीएस-६ म्हणजे नुसता ब्लॉक नव्हे. कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारी यंत्रणा), ईसीएम (इंजिनचा संगणक), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), एससीआर (युरिया वापरून धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा), युरियाची टाकी, नॉक्स सेन्सर (ते ऑक्साइड मोजणारा) आणि या सगळ्याचं वायरिंग सोबत येतं. यातलं काही काढलं की ईसीएम ताकद कापतो. तोही बायपास केला, तर पैसे बीएस-६ चे आणि धूर जुनाच.

अ‍ॅव्हरेज दुप्पट? जुनं टर्बो डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी ३५-४० टक्के कामाला लावतं, नवं ४५ च्या आसपास. दुप्पट कुठून काढणार?

फिटनेस गाडीच्या नोंदणीपासून मोजतात. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, इंजिन कोणतंही असो. आरसीवर मंजूर असलेलं वजनही वाढत नाही. वाढलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र क्लच प्लेट, गिअरबॉक्स, जॉइंटचे क्रॉस आणि क्राउन-पिनियनवर जातो.

एक मात्र मान्य करावं लागेल: ब्लॉक फुटला असेल किंवा क्रँक तुटली असेल, तर त्याच मॉडेलचं इंजिन बिलासकट घेऊन नोंद करणं कधीकधी जुनं इंजिन पुन्हा बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पण इंजिन ‘संपलं’ हे ठरवलं कोणी? गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल फिलरचं झाकण उलटं ठेवतात, उडालं की पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणतात. ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर झिजला किंवा टर्बोचं सील गेलं तरीही ते उडतं. कॉम्प्रेसर वेगळा करून पुन्हा बघा, एअर टँकमधून ऑइल निघतंय का तेही बघा. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) आणि गरम असतानाचा ऑइल प्रेशर मोजा. रेडिएटरच्या पाण्यात ऑइल दिसलं तर हेड उतरवण्याआधी ऑइल कूलर तपासा. बऱ्याच १६१३ मध्ये कमिन्सचं ६बीटी इंजिन आहे. त्यात मुळात लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेली नळी) नसतात, बोअर (पिस्टन फिरतो ते भोक) थेट ब्लॉकमध्ये, १०२ मिमीचा. झीज असेल तर ०.५ किंवा १ मिमी ओव्हरसाइज पिस्टन बसतात आणि त्यानंतरही स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नळी) टाकता येते.