नकाशासाठी टॉप मॉडेल कशाला?

नुसत्या नकाशासाठी गाडीचं टॉप मॉडेल गळ्यात मारणं बंद करा! जळगाव असो की धुळे, शोरूममध्ये तेच पालुपद: ‘साहेब, नेव्हिगेशन इनबिल्ट आहे.’ मग? नवा बायपास झाला तरी त्यातला बाण शेतातूनच चालतो. बऱ्याच गाड्यांत अपडेट पेनड्राइव्हवर, फुकटची मुदत संपली की पैसे मोजा. का मोजायचे? मधल्या मॉडेललाही बहुतेक अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधला नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, असतंच. म्हणे तोरणमाळच्या घाटात रेंज नसते! अहो, जीपीएसला रेंज लागतच नाही. निघण्याआधी घरच्या वायफायवर शहादा-धडगावचा ऑफलाइन नकाशा उतरवा. केबल डेटाची घ्या, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर स्क्रीन जोडलाच जात नाही. रेंज गेली तर ट्रॅफिक दिसणार नाही, रस्ता दिसतो. लांब बोगद्यात चाकांच्या सेन्सरवरून जागा ओळखणं, हा काही इनबिल्ट यंत्रणांचा खरा फायदा. पण रोजच्या चोपडा-अमळनेर रस्त्यावर बोगदा आहे कुठे?