तिकीट अडतिसाव्या पानावर

"आमचा काही वाचतच नाही हो, सारखा मोबाइल," असं म्हणणाऱ्या आईबापांना आमच्या सोसायटीत केवढी सहानुभूती मिळते! कोणी समुपदेशकाचा नंबर देतं, कोणी ब्राह्मीचा काढा सुचवतं. मी एकदा पार्किंगमध्ये सहज बोलून गेलो, "आमची फार वाचते हो, पुरवता पुरवता दमलो." झालं! पगार इतका वाढलाय की कर भरून जीव जातो, अशी कोणी तक्रार केली तर त्याच्याकडे कसं बघतील, तसे तिघं माझ्याकडे बघायला लागले. तेव्हापासून हे दुःख मी गिळतो.

मुक्ता चौदा वर्षांची आहे, नववीत. आठव्या वर्षी तिने फास्टर फेणे संपवला. आमच्या पिढीला फुरसुंगी म्हटलं की फाफे आठवतो, हिच्या पिढीला कचरा डेपो. तेवढा एक सांस्कृतिक विजय मी मिळवला म्हणून खूश होतो. मग गोट्या झाला, चिंगी झाली, बोक्या सातबंडे झाला. 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत असं कळलं, तेव्हा मी सुटकेचा नि:श्वास टाकला, दहावीपर्यंतची बेगमी झाली म्हणून. ती दोन उन्हाळ्यांत संपली. 'श्यामची आई' साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं म्हणतात. हिने दीड दिवसात वाचलं. लिहिणाऱ्याच्या तिप्पट वेगाने वाचणारी माणसं घरात असली की मराठी साहित्याचा साठा किती वर्षं पुरेल, असा पेट्रोलसारखा विचार मनात यायला लागतो.

खरी पंचाईत पुढे आहे. दुकानात मुलांचं कपाट असतं, त्यात ससा शहाणा होतो. शेजारी मोठ्यांचं कपाट असतं, त्यात माणसं वेडी होतात. ससा शहाणा झाल्यापासून माणूस वेडा होईपर्यंतच्या मधल्या चारपाच वर्षांत वाचायचं काय, याची फळी कुठेच नाही. मी अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात जाऊन विचारलं, "चौदा वर्षांच्या मुलीसाठी काही आहे का?"

"कितवी?"

"नववी."

"मीडियम?"

"मराठीच हवंय."

त्याने माझ्यापुढे बीजगणिताचा प्रश्नसंच ठेवला. मी म्हटलं, अहो, वाचायला हवंय. त्याने भूमिती ठेवली. मग मागच्या माळ्यावरून एक पोऱ्या ओरडला, "बक्षिसाचं पायजे असंल त्यांना," आणि धूळ झटकत 'एक होता कार्व्हर' खाली आलं.

कार्व्हरबद्दल इथे थोडं थांबायलाच हवं. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ साली आलं आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक हुशार मुलाला ते किमान एकदा बक्षीस मिळालेलं आहे. कार्व्हरांनी शेंगदाण्यापासून शेकडो पदार्थ केले, मराठी माणसाने कार्व्हरांपासून एकच केला, भेटवस्तू. आमच्याकडे तीन प्रती आहेत. चौथी मी एका मुंजीत दिली होती. दोन वर्षांनी मुक्ताच्या वाढदिवसाला जी प्रत आली, तिच्या पहिल्या पानावर पांढरी शाई लावून खोडलेलं होतं. उजेडात धरलं तर खाली माझंच अक्षर: 'चि. बटूस अनेक उत्तम आशीर्वाद.' पुस्तक मुक्ताने नवव्या वर्षीच वाचलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं. पण आता कोणाच्या हातात चौकोनी पुडकं दिसलं की ती आधी म्हणते, "शेंगदाणे असतील."

मग मी वाचनालयाकडे वळलो. आमच्या भागातल्या वाचनालयात बालविभागाचं कार्ड असलेल्याला मोठ्यांच्या कपाटाला हात लावता येत नाही. नियम आहे. कोणी केला, कधी केला, विचारलं तर काउंटरवरच्या बाई पंख्याकडे बघतात. शेवटी मी माझं बंद पडलेलं कार्ड दंड भरून चालू केलं आणि मुक्ता चिठ्ठीवर नावं लिहून द्यायला लागली. मी हमालासारखा आणायचो आणि पोचवायचो. तीन महिन्यांनी त्या बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "साहेब, तुमचं वाचन फार सुधारलंय हं हल्ली. आधी तुम्ही नुसते दिवाळी अंक न्यायचात, तेही भविष्याचे." रांगेत मागे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. मी नम्रपणे हसलो. खोटं एक अक्षर बोललो नाही, पण हसलो.

हे हसणंच पुढे नडलं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर मी एकदा मदत मागितली, ती दुसरी चूक. पाच मिनिटांत सतरा जणांनी 'मृत्युंजय' लिहिलं. अप्पाकाकांनी तर फोनच केला. "शिवाजी सावंत! बस्स! त्यानंतर काही वाचायची गरजच नाही. मी तर त्यानंतर काहीच वाचलेलं नाही." मुक्ताने आठवड्यात कर्ण संपवला, दोन दिवस भारावल्यासारखी फिरली. मला वाटलं, चला, जमलं. पण आमची आई, म्हणजे तिची आजी, गप्प बसणारी नाही. तिने आपल्या ट्रंकेतून इरावती कर्व्यांचं 'युगान्त' काढून हळूच नातीच्या उशाला ठेवलं. इरावतीबाईंच्या महाभारतात देव कोणी नाही, सगळी चुका करणारी माणसं. कर्णाचीही त्या गय करत नाहीत. गुढीपाडव्याला अप्पाकाका जेवायला आले आणि श्रीखंडाचा पहिला चमचा तोंडात घालून म्हणाले, "काय मग, कर्ण कसा वाटला?" तिने सांगितलं. द्रौपदीला भर सभेत तो काय बोलला इथून सुरुवात केली. काका वकील आहेत, निवृत्त असले तरी. पण त्या दिवशी त्यांना तारीख मागून घ्यावी लागली. दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं नाही त्यांनी. जाताना दारात मला म्हणाले, "जपा हिला." कर्णाला की पोरीला, ते कळलं नाही.

आईच्या त्या ट्रंकेचं मला कायम गूढ वाटत आलंय. मी दुकानं पालथी घालायचो आणि ही बाई दुपारी चहा घेता घेता सहज एखादं पुस्तक काढायची नि ते बरोबर लागायचं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिनेच दिली. शंभरएक वर्षांपूर्वीच्या बाईचं आत्मचरित्र, ते नववीतल्या पोरीला! मी मनात म्हटलं, पहिल्या पाच पानांत परत येणार. रात्री अकराला आतून खोखो हसण्याचा आवाज. सोवळ्याच्या वेडापायी दिसेल ते धुवायला लावणारे लक्ष्मीबाईंचे वडील वाचून ही लोळत होती, आणि शेजारी आमच्या आईसाहेब पदर तोंडाला लावून. मी आईला विचारलं, तुला कसं कळतं हिला काय द्यायचं ते? ती म्हणाली, "मी वाचलेलं देते."

हे वाक्य तिने टोमणा म्हणून टाकलं नव्हतं. पण मला ते रात्रभर बोचलं. कारण आता सांगून टाकतो: मी मुलीला आजवर जी पुस्तकं 'वाचायलाच हवीत' म्हणून सांगितली, त्यांतली निम्मी मी वाचलेली नाहीत. नावं माहीत आहेत. लेखकांची गावं माहीत आहेत. 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं हे माहीत आहे, १९७४ सालचं होतं हेही. 'बनगरवाडी' मात्र वाचलीये, ती लहानशी आहे.

आणि 'कोसला'. १९६३ साली आलेलं नेमाड्यांचं 'कोसला' मी कॉलेजात असताना विकत घेतलं, कारण होस्टेलवर ते काखेत नसलं तर आपल्याला कोणी माणसात धरत नसे. त्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द फार येतात. तेवढ्या भांडवलावर मी पंचवीस वर्षं काढली. कोणी नेमाड्यांचं नाव काढलं की मी खिडकीबाहेर बघत "वगैरे" म्हणतो. समोरचा समजून जातो.

तर मुक्ताने एके रविवारी कपाटावरून तीच प्रत काढली. मी घाईघाईने म्हणालो, "ते अजून नको. कॉलेजात गेलीस की वाच. त्याला एक परिपक्वता लागते."

"तुला होती?"

"म्हणजे काय!"

तिने पुस्तक उघडलं. त्यातून एक पातळ, पिवळट कपटा खाली पडला. बसचं तिकीट. तिने ते उचललं, उलटंसुलटं केलं आणि डॉक्टर रिपोर्ट बघतात तशा थंड आवाजात म्हणाली, "बाबा, यावर पीएमटी लिहिलंय. पीएमटीची पीएमपीएमएल झाली २००७ साली. म्हणजे तू माझ्या जन्माच्या आधीपासून अडतिसाव्या पानावर आहेस."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं पातेलं आपटलं. हसू दाबताना आपटतं तसं.

तह झाला तो असा: प्रत एक, वाचणारे दोन. शाळेतून आल्यावर ती, रात्री जेवणानंतर मी. तिची खूण केसांची पिन, माझी खूण तेच तिकीट. पहिल्या रात्री मी सहा पानं वाचली आणि झोपलो. दुसऱ्या रात्री मॅच होती. तिसऱ्या रात्री पाहिलं तर पिन कुठल्या कुठे पुढे गेलेली. मला आपली लाज वाटली. म्हणून मी, माणूस सोसायटीच्या मीटिंगची वही न वाचता सही करतो तितक्याच निर्मळ मनाने, तिकीट उचललं आणि पिनेच्या थोडं पुढे नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "वाचलंस काल?"

"हो हो. बरंच झालं."

"मनीचं आलं?"

'कोसला'चा नायक पांडुरंग, त्याची धाकटी बहीण मनी, एवढं मला चाळताना दिसलं होतं. मी आमटी ओरपत म्हणालो, "आलं ना. काय गोड पोरगी आहे! मजा आली."

ताटावरचे सगळे आवाज थांबले. आईने माझ्याकडे पाहिलं, बायकोने आईकडे पाहिलं. मुक्ता हातातला घास खाली ठेवून म्हणाली, "बाबा, मनी मरते. देवी येऊन."

कोणीच काही बोललं नाही. तिने हात धुतले, आतून पुस्तक आणलं, तिकीट काढून पुन्हा अडतिसाव्या पानावर खोचलं आणि ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. सहा पानं मी खरंच वाचली होती हो, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

त्या रात्री आणि पुढच्या तीन रात्री मी टीव्ही लावला नाही. पांडुरंग पुण्यात आला, त्याने पैसे उडवले, मी एकटाच हसलो. तो गावी गेला. चौथ्या रात्री दोन वाजून गेल्यावर मी मनीपाशी पोचलो. ती पानं संपल्यावर पुढे वाचवेना. पाणी प्यायला उठलो तर मुक्ताच्या खोलीत दिवा. दार ढकललं. पांघरुणातून डोकं बाहेर काढून तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आलं?"

मी मान हलवली.

"मला पण तसंच झालेलं." मग जरा वेळाने म्हणाली, "आता लगेच पुढचं नको वाचूस. मध्ये काहीतरी सोपं घे. कार्व्हर तरी वाचलायस का तू?"

मी दिवा बंद केला.