इराणी ओळखपत्राचा तो मेसेज पुढे पाठवू नका

मेसेज असा आहे: "परदेशात राहणाऱ्या सर्व इराणी नागरिकांनी नवं स्मार्ट राष्ट्रीय ओळखपत्र ताबडतोब काढावं. न काढल्यास नागरिकत्व रद्द होईल, पासपोर्ट बाद होईल, जुना नंबर चालणार नाही. वकिलातीत जायची गरज नाही. शेनासनाम्याच्या सगळ्या पानांचे फोटो आणि दहा बोटांचे ठसे खालच्या नंबरवर पाठवा. आईचं कार्ड झालं की मुलांचं आपोआप होतं. इराणी माणसाशी लग्न केलेल्या भारतीय मुलींनीही काढून घ्यावं, भारतीय पासपोर्टला धक्का लागत नाही. पारशी आणि इराणी समाजालाही हा हक्क आहे. हे इराणचं आधार कार्ड आहे."

फारसीत हा मजकूर आधीपासून फिरत होता. आता कुणीतरी त्याचं मराठी करून, 'इराणचं आधार' ही पुस्ती जोडून तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. माझी वहिनी शिराजची. पुण्यात शिकायला आली, माझ्या भावाशी लग्न करून इथलीच झाली, पासपोर्ट मात्र अजून इराणी आहे. वडील गेल्यापासून तिकडच्या घराच्या वाटणीची कागदपत्रं तिच्या डोक्यावर आहेत, त्यामुळे हा मेसेज वाचून ती हादरली. शेनासनाम्याच्या, म्हणजे जन्मनोंदीच्या पुस्तकाच्या, पानांचे फोटो काढून झाले होते, फक्त पाठवायचे बाकी होते. म्हणून हे लिहिते आहे, आणि जरा चिडूनच लिहिते आहे.

पहिली धमकी नागरिकत्वाची. तिच्यावरच सगळा मेसेज उभा आहे. इराणच्या राज्यघटनेचं कलम 41 सांगतं की इराणी नागरिकत्व हा प्रत्येक इराण्याचा निर्विवाद हक्क आहे. त्या व्यक्तीनं स्वतः मागणी केल्याशिवाय किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्याशिवाय सरकार ते काढून घेऊ शकत नाही. कार्ड न काढणं यात कुठेच बसत नाही. उलट इराणचं सरकार आपला नागरिक सहजासहजी सोडतच नाही. नागरी संहितेच्या कलम 988 नुसार नागरिकत्व सोडायचं तर वय 25 पूर्ण लागतं आणि मंत्रिमंडळाची परवानगी लागते. कलम 989 तर आणखी पुढे जातं: नियम न पाळता कुणी परदेशी नागरिकत्व घेतलं, तर इराणच्या लेखी ते परदेशी नागरिकत्वच रद्दबातल, माणूस इराणीच राहतो. लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन पासपोर्ट घेऊन वर्षानुवर्षं राहिलेला माणूसही तेहरानच्या दृष्टीनं इराणी असतो. मग पुण्यात राहणाऱ्या, इराणी पासपोर्टवरच जगणाऱ्या बाईचं नागरिकत्व एका प्लॅस्टिकच्या कार्डापायी जाईल, हे कोणत्या कायद्यात लिहिलंय? मेसेजमध्ये कलम नाही, अध्यादेश नाही, तारीख नाही. फोन नंबर मात्र आहे.

पासपोर्टचंही तेच. इराणी नागरिक देशात शिरतो आणि बाहेर पडतो तो इराणी पासपोर्टवर. पासपोर्ट नसेल तर वकिलात एकेरी प्रवासाचा परवाना देते. राष्ट्रीय ओळखपत्र हा प्रवासाचा कागद कधीच नव्हता. आणि इथे भारतात परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय बघतं ते पासपोर्ट आणि व्हिसा. कार्ते मेल्ली, म्हणजे हे राष्ट्रीय ओळखपत्र, तिथे कुणी मागत नाही.

'जुना नंबर चालणार नाही' हेही खोटं. कार्डावरचा दहा आकडी नंबर, ज्याला इराणी लोक कोदे मेल्ली म्हणतात, तो जन्मभराचा असतो. 1997 च्या कायद्यानं प्रत्येक नागरिकाला तो देणं बंधनकारक केलं. कार्ड बदलतं, मुदत संपते, फोटो बदलतो, नंबर तोच राहतो. त्याचा शेवटचा आकडा आधीच्या नऊ आकड्यांवरून गणितानं काढलेला असतो, म्हणून कुणी मनानं नवा नंबर रचून दिला तर बहुतेक वेळा तो पहिल्याच तपासणीत पडतो.

आता ज्या मुद्द्यावर माझं डोकं खरोखर फिरलं तो. फोटो आणि ठसे व्हॉट्सॲपवर पाठवा.

शेनासनामे म्हणजे इराणी माणसाचं जन्मनोंदीचं छोटं पुस्तक. त्यात नुसतं नाव आणि जन्मतारीख नसते. आईवडिलांची नावं असतात, त्यांचे क्रमांक असतात, लग्न, घटस्फोट आणि मुलं यांच्या नोंदी असतात. पूर्वीच्या निवडणुकांत मतदान केल्याचे शिक्केसुद्धा त्यातच मारले जात. म्हणजे तुम्ही कुणाची मुलगी, कुणाची बायको, मतदानाला जात होतात की नाही, हे सगळं एका पुस्तकात, आणि ते तुम्ही अनोळखी माणसाच्या फोनमध्ये ठेवायचं. सोबत दहा बोटांचे ठसे. वारसाहक्काचं काम डोक्यावर असलेल्या बाईनं ही दोन्ही एकाच माणसाच्या हाती देणं किती धोक्याचं आहे, हे समजायला वकील लागत नाही. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. बोटं बदलता येत नाहीत.

शिवाय अशा ठशांचा कार्डासाठी उपयोग शून्य. हे कार्ड स्मार्ट म्हणतात ते चिपमुळे, आणि ठसे घेतात ते अर्ज करणारा माणूस खरोखर तोच आहे याची खात्री करायला. शाईच्या पॅडवर अंगठा दाबून काढलेल्या फोटोतून ती खात्री होणार कशी? अधिकाऱ्यासमोर, यंत्रावर बोट ठेवावं लागतं. खरी वाट कंटाळवाणी आहे, पण सरळ आहे. इराणच्या परराष्ट्र मंत्रालयाची मीखक नावाची ऑनलाइन यंत्रणा आहे. पासपोर्ट, वकालतनामा (म्हणजे मुखत्यारपत्र), शेनासनामे, ओळखपत्र, परदेशातल्या इराण्याची बहुतेक सगळी कामं तिथूनच सुरू होतात. तिथे स्वतःचं खातं उघडायचं, अर्ज भरायचा, कागद चढवायचे, मागोवा घेण्याचा क्रमांक जपून ठेवायचा आणि बोलावतील तेव्हा स्वतः हजर व्हायचं. भारतात दिल्लीला वकिलात आहे, मुंबईला आणि हैदराबादला कॉन्सुलेट आहे. पुण्याच्या माणसाला मुंबई काही लांब नाही. इराणला जाणं होणारच असेल तर तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयाच्या व्यवस्थेतूनही काम होतं. आणि एक गोष्ट आधी तपासा: शेनासनाम्यात तुमचा फोटो आहे का? 15 वर्षांनंतर तो असावा लागतो. लहानपणी देश सोडलेल्यांचं काम खूपदा इथेच अडतं, कारण त्यांच्याकडे बिनफोटोचं जुनं पुस्तक असतं. आधी ते नवं करून घ्या, कार्ड त्याच्यानंतर.

एजंट लोकांचं फावतं कुठे, तेही मला कळतं. अमेरिका आणि इराणचे संबंध 1980 साली तुटले, तिथल्या इराण्यांचं काम वॉशिंग्टनला पाकिस्तानच्या वकिलातीच्या छत्राखाली चालणाऱ्या कार्यालयातून होतं. कॅनडानं 2012 मध्ये संबंध तोडले, त्यांनाही तिथेच धाव घ्यावी लागते. इतक्या अडचणीत माणूस अर्ज भरून देणाऱ्याला पैसे देतो, आणि अर्ज भरून देण्यात गैर काही नाही. पण अर्ज भरणं वेगळं आणि तुमच्या वतीनं बोटं देणं वेगळं.

मुलांचं 'आपोआप'? हा शब्द वाचून वहिनीच्या डोळ्यांत आशा आली होती, म्हणून याचा राग जास्त. इराणच्या कायद्यात नागरिकत्व वडिलांकडून येतं. परदेशी नवरा असलेल्या इराणी बाईच्या मुलांना ते मिळत नव्हतं. गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री, मरियम मिर्झाखानी, 2017 मध्ये अमेरिकेत कर्करोगानं गेली. तिचा नवरा चेक, आणि मुलगी इराणची नागरिक नव्हती. त्यानंतर हा प्रश्न तिथल्या संसदेत पुन्हा पेटला आणि 2019 मध्ये कायदा बदलला. आता 18 वर्षांखालच्या मुलासाठी आई अर्ज करू शकते, 18 नंतर मूल स्वतः करू शकतं. पण त्यात सुरक्षा यंत्रणांची तपासणी आहे, आणि लग्न धार्मिक कायद्यानं वैध असण्याची अट आहे. इराणी मुस्लिम स्त्रीचं मुस्लिमेतर पुरुषाशी झालेलं लग्न तिथला कायदा मानत नाही, आणि परदेशी पुरुषाशी लग्न करायला सरकारची परवानगी लागते. इथे विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलेल्या लग्नातल्या मुलांचं काम एका मेसेजनं होईल, असं एखाद्या आईला सांगणं हा क्रूरपणा आहे. हे नागरिकत्वाचं प्रकरण आहे, कार्डाचं नाही. नागरिकत्व नोंदल्याशिवाय शेनासनामे नाही, आणि शेनासनाम्याशिवाय कार्ड नाही.

आणि आता आपल्या मुलींसाठी. 'भारतीय पासपोर्टला धक्का लागत नाही' हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं एखाद्या मुलीचं आयुष्य अडकवण्याची तयारी करून ठेवली आहे. इराणच्या नागरी संहितेचं कलम 976 इराणी पुरुषाशी लग्न करणाऱ्या परदेशी स्त्रीला इराणी मानतं. लग्न तिकडे नोंदवलं की शेनासनामे मिळतं, पुढे कार्ड, पासपोर्ट. हे खरं आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. राज्यघटनेचं कलम 9 आहे, 1955 च्या नागरिकत्व कायद्याचंही कलम 9 आहे: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. लग्नामुळे कायद्यानं चिकटलेलं नागरिकत्व आणि स्वतः मागून घेतलेलं नागरिकत्व यात वकील फरक करतील. पण अर्जावर सही करून, फोटो आणि ठसे देऊन, वर परदेशी पासपोर्टही घेतला, तर 'मी काही मागितलं नव्हतं' हे म्हणायला फारशी जागा उरत नाही. भारताच्या नागरिकत्व नियमांत परदेशी पासपोर्ट मिळवणं हाच निर्णायक पुरावा धरला आहे. इराणी मुलांशी लग्न केलेल्या पुण्या-मुंबईच्या मुलींनो, सही करण्याआधी नागरिकत्वाच्या कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा.

या गैरसमजाचं मूळ 'इराणचं आधार' या शब्दांत आहे. आधार रहिवाशाला मिळतं. इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही मिळू शकतं. कार्ते मेल्ली फक्त नागरिकाला मिळतं.

पारशी आणि इराणी समाजाबद्दल थोडक्यात. यझ्द-केरमानहून आलेल्या पूर्वजांचा अभिमान जरूर असावा, पण कायदा पूर्वज बघत नाही, वडील इराणी नागरिक होते का ते बघतो. एखाद्या घरात वडिलांचं शेनासनामे खरोखर असेल तर ती वेगळी गोष्ट, त्यांनी कॉन्सुलेटमध्ये विचारावं. आडनाव इराणी आहे म्हणून कुणालाही कार्ड मिळत नाही.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. इराणमध्ये बँक, सिमकार्ड, नोटरी, मालमत्तेची खरेदी-विक्री यांत स्मार्ट कार्ड नसेल तर माणसाची अडवणूक होते. जुनं कार्ड दाखवलं की नाक मुरडतात. परदेशातल्या माणसानं ते सवडीनं काढून ठेवावं, हा सल्ला चांगलाच आहे. पण 'ताबडतोब' म्हणून काही होत नाही. कोऱ्या कार्डांच्या तुटवड्यामुळे खुद्द इराणमधल्या लाखो लोकांनी वर्षानुवर्षं अर्जाच्या पावतीवर दिवस काढले आहेत. घाई करून कार्ड लवकर येत नाही, पैसे मात्र लवकर जातात.

ज्यांनी फोटो किंवा पैसे आधीच पाठवलेत त्यांनी लाजेखातर गप्प बसू नये. भारतात असाल तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा, बँकेला कळवा, आणि शेनासनाम्याचे फोटो बाहेर गेल्याचं कॉन्सुलेटला लेखी कळवून त्याची पोच घ्या. तिकडे घर, जमीन किंवा वारसाहक्काचं काम चालू असेल तर भावंडांना आणि तिथल्या वकिलाला आजच सांगा, म्हणजे तुमच्या नावाचा एखादा वकालतनामा समोर आला तर ते आधी तुम्हाला फोन करतील.