उघड्या खिडक्यांचं घर

‘स्टीव्ह जॉब्सनी पाडलेलं घर’ एवढीच आता जॅकलिंग हाउसची ओळख उरली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॅलिफोर्नियातल्या वुडसाइड या झाडीतल्या गावात १९२५ साली डॅनियल जॅकलिंग यांच्यासाठी ते बांधलं गेलं. जॅकलिंग तांब्याच्या धंद्यातले. ज्या खडकात तांबं जेमतेम दोन टक्के, तो खडकही डोंगरच्या डोंगर खणून परवडवता येतो, हे त्यांनी युटाच्या बिंगहॅम कॅन्यनमध्ये करून दाखवलं. घराचे वास्तुरचनाकार जॉर्ज वॉशिंग्टन स्मिथ आधी चित्रकार होते. पांढरा गिलावा, लाल कौलं, जाड भिंतीत खोल बसवलेल्या खिडक्या. स्पेनची सत्ता तिथून १८२१ मध्येच गेली होती, पण १९१५ च्या सॅन डिएगोच्या प्रदर्शनानंतर ही स्पॅनिश धाटणी लोकांना पुन्हा भावली, आणि स्मिथ त्यातले उस्ताद होते.

जॉब्सनी ते १९८४ मध्ये घेतलं, साधारण दहा वर्षं तिथे राहिले. पुढे घर रिकामं पडलं. दारं-खिडक्या उघड्या, पाऊस थेट आत.

आमच्या आजोळी एका वर्षी शाकारणी राहून गेली. पुढच्या पावसात माजघराची भिंत ओली झाली, तिसऱ्या वर्षी आजोबांनी वाशाला बोट लावलं तर भुसाच हातात आला. म्हणून त्या उघड्या खिडक्यांचे फोटो मला बघवत नाहीत.

२००४ मध्ये गावाने जॉब्सना हे घर पाडायला परवानगी दिली. अट एकच, कोणी घर उचलून दुसरीकडे नेणार असेल तर आधी त्याला संधी द्यायची. वारसाप्रेमी कोर्टात गेले आणि २००६ मध्ये जिंकले, २००७ मध्ये अपिलातही. २००९ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. तोवर दुरुस्तीचा खर्च हाच पाडण्याच्या बाजूचा मोठा मुद्दा झाला होता.

घर जॉब्सचं होतं, त्यांना ते आवडत नव्हतं, दोन्ही मान्य. पण आधी वर्षानुवर्षं पाऊस आत येऊ द्यायचा आणि मग दुरुस्ती परवडत नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. पाडण्याचा अर्ज आला की निकाल लागेपर्यंत छप्पर शाबूत ठेवायची जबाबदारी मालकावर हवी. आपल्याकडच्या वाड्यांनाही हाच नियम लावावा.

फेब्रुवारी २०११ मध्ये घर पाडलं. ऑक्टोबरमध्ये जॉब्स गेले. त्या जागी त्यांना हवं असलेलं छोटं घर त्यांच्या हयातीत झालंच नाही. पाडण्याआधी काही कौलं, दिवे आणि तांब्याची टपालपेटी तेवढी काढून ठेवली होती.