देठ आणि दोरा

आमच्या पुण्याच्या सोसायटीत यंदा गणपतीच्या आराशीवरून वाद पेटला. समितीने ठराव केला की मखराला फक्त 'आपली' फुलं लावायची, म्हणजे झेंडू, शेवंती आणि निशिगंध. जर्बेरा, ऑर्किड, कार्नेशन परकी, त्यांना बंदी. आतेभावाने मला इथे नेदरलँड्सला तो ठराव अभिमानाने पाठवला. मी लिहिलं, "दादा, झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधसुद्धा तिथलाच." त्याचं उत्तर आलं, "तू तुझ्या ट्युलिपांत सुखी राहा. इथलं तुला काय कळणार?"

ते वाक्य महिनाभर डोक्यातून जात नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे ट्युलिप तरी कुठे इथलं आहे? ते तुर्कांच्या बागांतून आलं. क्लुसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ साली लायडनला आला, त्याने विद्यापीठाच्या बागेत कंद लावले आणि पुढच्या वसंतात ते फुलले. १६३७च्या फेब्रुवारीत त्याच कंदांचा सट्टा कोसळला. ज्या पट्टेदार पाकळ्यांसाठी लोक वेडे झाले होते, ते पट्टे विषाणूमुळे पडत, हे विसाव्या शतकात कळलं. पण आज आमच्या आम्स्टेलवेन गावच्या बाजारात ट्युलिपची जुडी सायकलच्या क्रेटमध्ये टाकताना कुणी त्याचं मूळ गाव विचारत नाही. शेजारच्या आल्समेरच्या फुलांच्या लिलावात केनिया आणि इथिओपियाचे गुलाब येतात. भाव दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा वरच्या भावावरून खाली उतरत येतो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. फूल कुणाचं, यापेक्षा ते ताजं आहे का, हे तिथे आधी बघतात. आणि पुण्यात ज्या जर्बेराला परकं ठरवलं, ते मावळातल्या शेतकऱ्याच्या पॉलीहाऊसमध्ये पिकतं. त्याच सोसायटीच्या गेटला वर्षभर प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण लटकलेलं असतं. त्याबद्दल ठरावात एक शब्द नाही, याचा मला फार राग आला.

परंपरेबद्दल बोलायचंच असेल तर नीट बोलू या. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत 'माल्यग्रथनविकल्प' आहे, म्हणजे हार गुंफण्याच्या तऱ्हा. 'शेखरकापीडयोजन' आहे, म्हणजे डोक्यावर माळायच्या फुलांची रचना. ही यादी झाली तेव्हा आपल्याकडे झेंडू नव्हताच. तो पोर्तुगीज आल्यानंतरचा. आपली म्हणायची ती गुंफण. फुलं येत राहिली, गुंफण्याने त्यांना घरात घेतलं.

इथल्या लोकांचं वेगळं. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये राखेल राऊस या डच चित्रकर्तीची चित्रं मी पुन्हा पुन्हा बघते. १६६४ ते १७५० हा तिचा काळ. दहा मुलं झाली, तरी ऐंशी ओलांडल्यावरही ती फुलंच रंगवत होती. त्या काळच्या अशा चित्रांत वसंतातलं ट्युलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकाच फुलदाणीत असतात. खऱ्या फुलदाणीत हे व्हायचं नाही, चित्रकार वेगवेगळ्या ऋतूंतली रेखाटनं एकत्र आणत. किती देखणं! पण तिथे सगळी कला देठावर उभी आहे. देठ, पाणी, फुलदाणी. फूल बघायचं. आपल्याकडे फूल वाहायचं, माळायचं, म्हणून देठ जातो आणि दोरा येतो. मला विचाराल तर आपली कला अधिक जवळची, अंगाला लागणारी.

गेल्या वर्षी गणपतीला मी स्वयंपाकघरात बसून शेवंतीच्या तीन जुड्यांची मुंडकी कात्रीने उडवत होते. शेजारीण चहाला आली होती. ती दचकून म्हणाली, "अगं, का मारतेस त्यांना?" टेबलाच्या एका बाजूला हिरव्या देठांचा ढीग, दुसऱ्या बाजूला माना कापलेली फुलं. तिच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मलाही क्षणभर ते क्रूर वाटलं. मग मी सुई घेतली आणि ओवायला लागले.

सुई. खरं दुखणं तिथे आहे. आमची आत्या, म्हणजे दादाची आई, सुई लावायची नाही. केळीच्या सोपटाचा ओला धागा पायाच्या अंगठ्याला अडकवायची, दोन अबोल्या इकडे, दोन तिकडे, आणि बोटं इतकी झरझर चालायची की गाठ कधी बसली ते दिसायचंच नाही. दहा वर्षांची असताना तिने मला शिकवायला घेतलं होतं. मी कंटाळून उठून गेले. दादाला मेक्सिको ऐकवलं ते शहाणपण पुस्तकातलं. हातातलं माझ्याकडे काहीच नाही, आणि आत्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

माझा सुईचा हार दुसऱ्या दिवशीच सैल पडतो, पाकळ्या खिडकीच्या फळीवर गळतात. परवा भांडण बाजूला ठेवून मी दादाला फोन केला आणि विचारलं, "आत्या पहिला वेढा उजवीकडून घ्यायची की डावीकडून?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मलाही आठवत नाही गं."