तुम्हीच सांगा, जर्मनीत असं चालतं का?

सोसायटीची वार्षिक सभा रविवारी अकराला. इकडे सकाळचे साडेसहा, खिडकीबाहेर मिट्ट काळोख. फ्लॅट पुण्यात औंधला, ब्रेमेन चौकापासून हाकेच्या अंतरावर आणि मी राहतो जर्मनीतल्या खऱ्याखुऱ्या ब्रेमेनमध्ये. हा विनोद आता कोणी करत नाही, इतका शिळा झालाय.

विषय कचऱ्याचा. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका पार्किंगच्या कोपऱ्यात बसून सुका कचरा निवडतात, ते बरं दिसत नाही; त्यापेक्षा ठेकेदाराची गाडी लावू, असा ठराव. तेवढ्यात सेक्रेटरींना मी पडद्यावर दिसलो. "तुम्हीच सांगा साहेब, जर्मनीत असं चालतं का?"

माझं टाळकं तिथंच सरकलं. पुण्यातल्या कुठल्याही वादात परदेशाला साक्षीला उभं करायचं, आणि साक्ष काय द्यायची तेही आधीच ठरलेलं. तर घ्या साक्ष. इथे खाली बसून कोणी निवडत नाही, कारण निवडायचं काम घरातच उरकलेलं असतं. गेल्या महिन्यात दह्याच्या डब्याचं चंदेरी झाकण न काढताच मी तो पॅकिंगच्या कचऱ्यासाठी असलेल्या पिवळ्या पिशवीत टाकला. तळमजल्यावरच्या आजीबाईंनी तो परत आणून माझ्या दाराशी ठेवला. धुऊन! आणि स्टेशनवरच्या कचराकुंडीत टॉर्च मारून, परत दिल्यावर पंचवीस सेंट मिळणाऱ्या रिकाम्या बाटल्या शोधणारे म्हातारे? ते तुमच्या युरोप टूरच्या फोटोंत येत नाहीत.

बरं, ज्यांना हाकलायला निघालात त्या आल्या कुठून? एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातली माणसं कचरावेचकांना अक्षरं शिकवायला गेली आणि त्यांच्या लक्षात आलं की या बायकांना पाटी-पेन्सिलीआधी हवाय तो कचऱ्यावरचा हक्क. त्यातून 1993 साली, बाबा आढावांच्या साथीनं, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. महापालिकेशी करार करून 'स्वच्छ' सुरू व्हायला 2008 उजाडलं. मधली पंधरा वर्षं ओळखपत्रासाठी, भावासाठी, माणूस म्हणून मोजलं जाण्यासाठी भांडण्यात गेली. संस्थेच्या मालक त्याच. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, ही मोहीमसुद्धा त्यांचीच, कारण उघड्या पॅडला हात त्यांचा लागतो. कचरा डेपोशेजारच्या उरुळी-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या की शहराला ओला-सुका आठवतो. या बायकांना तो रोजच आठवत होता. ठेकेदाराच्या गाडीला यातलं काय ठाऊक असणार?

हे सगळं मी सभेत बोललो, जरा चढ्याच आवाजात. दोन मिनिटं शांतता. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "तुम्ही इथे राहत नाही. वास आम्हाला येतो."

खोटं काय आहे त्यात? माझ्या फ्लॅटमध्ये भाडेकरू राहतात आणि ते ओला-सुका वेगळा करत नाहीत, असं त्याच सभेत थोड्या वेळानं कळलं. इथली गत काय वेगळी? वस्तीच्या बायराटच्या, म्हणजे इथल्या निवडून आलेल्या वस्ती-समितीच्या, सभेला अकरा वर्षांत एकदाच गेलो, तेही घरासमोरचं पार्किंग जाणार होतं म्हणून. भाषेचं कारण मी अजून पुढे करतो. लोकांनी मिळून काही उभं करावं यावर माझी श्रद्धा आहे. मिळायला मात्र मी कुठेच जात नाही.

ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. दुपारी आईला कोथरूडला फोन लावला. माझ्या लहानपणापासून आमच्याकडे कचऱ्याला ज्या मावशी यायच्या, निळी साडी, पाठीवर पोतं, त्यांचं नाव काय गं, म्हटलं. सव्वीस वर्षं त्या घरात काढली, दार मीच उघडायचो, आणि नाव ठाऊक नाही.

"शांता," आई म्हणाली. "गेली ती, तीन वर्षं झाली. आता तिची सून येते. तुला सांगितलं होतं मी तेव्हा."