‘नळातून विष येतंय’ वाल्या मेसेजला उत्तर (मामीसाठी, आणि मामीला तो पाठवणाऱ्यांसाठी)

मामीच्या गावात मेन पाईपलाईन फुटली. नगरपालिकेनं ती जोडली आणि नोटीस काढली की दोन-तीन दिवस पाणी उकळून गार करून प्या, क्लोरीनचा डोस वाढवलाय, वास आला तर घाबरू नका. झालं, त्यावर कुणीतरी रातोरात एक लांबलचक मेसेज तयार केला आणि सकाळपर्यंत तो भिशीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, बालवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर सगळीकडे. मामीनं तो वाचून नळाचं पाणी पिणं बंद केलं आणि बिल्डिंगच्या बोअरचं पाणी हंड्यात भरायला लागली, का तर ते ‘नैसर्गिक’. घरात सातवा महिना लागलेली सून आहे. म्हणून लिहितेय, नाहीतर असे मेसेज मी वाचत पण नाही.

मेसेजमध्ये काय काय आहे ते आधी सांगते. क्लोरीन हे विष आहे आणि त्यानं कॅन्सर होतो. तुरटी फिरवली की क्लोरीनची गरज नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १५० च्या वर असेल तर ते पाणी किडनी खराब करतं, त्यामुळे आरओ (क्षार काढून टाकणारं पाण्याचं मशीन) घ्याच, आणि आरओ नसेल तर बोअरचं पाणी प्या. पाण्यात करंट सोडला की विष डोळ्यांनी दिसतं (सोबत व्हिडिओ). नळाला पांढरं पाणी येतं ते जादा क्लोरीनमुळे. उकळायचं तर वीस मिनिटं, नाहीतर फुकट. चोवीस तासांनी पाणी शिळं होतं, ओतून द्या. मीटर हवेवर फिरतं म्हणून बिल भरू नका. शेवटी नेहमीचं, ‘सरकार हे तुम्हाला सांगणार नाही, दहा जणांना पाठवा’.

सगळ्यात आधी तो करंटवाला व्हिडिओ, कारण मामीच्या घरी तोच खेळ प्रत्यक्ष करून दाखवायला एक माणूस येऊन गेला. योगायोग बघा, मेसेज आल्यावर दोनच दिवसांत! दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. वर एक यंत्र, त्याला खाली सळया, प्लग लावला की मिनिटभरात नळाचं पाणी हिरवट-तपकिरी, मग काळपट, वर फेस आणि खाली गाळ. मशीनच्या पाण्याला काहीच होत नाही. मग तो एक रंगीत तक्ता काढतो, हिरवं म्हणजे अमुक विष, पांढरं म्हणजे तमुक, काळं म्हणजे जड धातू. मामी म्हणाली, अगं डोळ्यांनी बघितलं मी.

बघितलंस ते खरंच आहे मामी, फक्त तो गाळ पाण्यातला नाही, सळईचा आहे. त्यातल्या सळया लोखंडाच्या असतात. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे क्षार विरघळलेले असतात, जे असायलाच पाहिजेत, आणि त्या क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा हिरवा-तपकिरी गाळ होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास उरलेलेच नसतात, वीज वाहत नाही, म्हणून सळई झिजत नाही आणि पाणी तसंच राहतं. उद्या हिमालयातल्या झऱ्याचं पाणी आणलं आणि त्यात क्षार असले तरी ते असंच काळं होईल.

मी मामेभावाला फोनवर सांगितलं होतं की त्या माणसाच्या ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला लाव आणि परत प्लग लाव म्हणावं. त्यानं टाकलं. पाणी नळाच्या पाण्यापेक्षा काळं झालं. तो माणूस काय म्हणाला माहितीये? ‘मीठ टाकल्यावर होणारच की!’ अहो मग तेच तर! तरी जाता जाता त्यानं मामीला टीडीएसचं पेन विकलंच, साडेतीनशे रुपयांना.

टीडीएसचं पण सांगते, लांबण लावत नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, भारतीय मानक ब्युरोचं, आयएस १०५००, सध्याचं २०१२ चं. त्यात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. १५० हा आकडा त्यात कुठेही मर्यादा म्हणून नाही, तो विकणाऱ्यांचा आहे. आणि ते पेन मोजतं काय, तर पाण्यातून वीज किती वाहते ते, त्यावरून क्षारांचा अंदाज. जंतू ते दाखवत नाही. पिण्याच्या पाण्यात गटाराचं थोडं पाणी मिसळलं तर पेनावरचा आकडा जेमतेम हलेल आणि घर मात्र आजारी पडेल. हा, अर्धी गोष्ट खरी आहे तेवढी मान्य करते, ज्या भागात पाणी खारट आहे, बोअरचा टीडीएस हजार-दीड हजार आहे किंवा फ्लोराईड, नायट्रेट जास्त आहे तिथे आरओचा खरंच उपयोग आहे. पण सह्याद्रीतल्या धरणाचं पाणी मुळातच मऊ, म्हणजे क्षार कमी. त्याला आरओ लावायचा म्हणजे एक लिटर पाण्यासाठी साधारण तीन लिटर मोरीत सोडायचं, ते पण उन्हाळ्यात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला. हे त्या मेसेजमध्ये नाही, कसं असेल?

आणि गंमत म्हणजे वरती १५० च्या पुढे विष आणि खालच्याच ओळीत बोअरचं पाणी प्या! बोअरच्या पाण्याचा टीडीएस बहुतेक ठिकाणी धरणाच्या पाण्याच्या कितीतरी पट असतो. लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज स्वतः तरी वाचला होता का?

आता क्लोरीन. इथे मात्र मला खरंच राग येतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी पैसे जातील, ह्याने माणूस जाईल.

नगरपालिका क्लोरीन टाकते ते फक्त टाकीतलं पाणी साफ करायला नाही, तुमच्या नळापर्यंतच्या रस्त्यासाठी टाकते. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी चोवीस तास नसतं, दिवसातून तासभर, कुठे दिवसाआड, कुठे आठवड्यातून एकदा. पाणी बंद झालं की पाईपमधला दाब जातो. पाईप जुने, कुठेतरी गळती असतेच, आणि शेजारून गटार चाललेलं असतं. दाब असताना पाणी बाहेर गळतं, दाब गेला की बाहेरची घाण आत शिरते. त्यात लोक नळाला थेट मोटर लावतात, ती ही घाण ओढून घ्यायला मदतच करते. ह्या सगळ्यातून पाणी सुरक्षित यावं म्हणून नळाच्या तोंडाशी थोडं क्लोरीन शिल्लक असायला हवं, त्याच मानकात किमान लिटरला ०.२ मिलिग्रॅम म्हटलंय, आणि विषाणूंचा धोका असेल तर ०.५. म्हणजे किती? दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये दोन ग्रॅम. पाईप फुटला, दुरुस्त केला, की आत माती-घाण गेलेली असू शकते म्हणून डोस वाढवतात. वास येणं म्हणजे काम झालेलं आहे. आपल्या नाकाजिभेला क्लोरीन लिटरला ०.३ मिलिग्रॅमला सुद्धा जाणवू शकतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ आहे, म्हणजे वास आला म्हणजे विषबाधा झाली असं काही नसतं. वास नको असेल तर उकळून गार होऊ द्या, जातो.

कॅन्सरचं. इथे पण अर्धं खरं आहे आणि ते सांगितलं नाही तर पुढच्या मेसेजमध्ये तेच येईल. क्लोरीन पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याशी मिसळलं की क्लोरोफॉर्मसारखे काही पदार्थ अगदी कमी प्रमाणात बनतात, ते वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेले तर चांगलं नाही, म्हणून आपल्या मानकात त्यांच्या पण मर्यादा दिलेल्या आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की ह्या पदार्थांच्या काळजीपोटी निर्जंतुकीकरणात तडजोड करायची नाही. कारण एकीकडे अनेक वर्षांनंतरचा छोटासा धोका आणि दुसरीकडे पुढच्या आठवड्यातली कावीळ.

कावीळ उगाच म्हणत नाहीये. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती, त्या भागातल्या लोकांना विचारा. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ, हेपटायटिस ई, बाकीच्यांना बहुतेक वेळा बरी होऊन जाते, पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, हे पण जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. मामी, शंभरातल्या वीस-पंचवीस. आणि तू तिला बिनक्लोरीनचं, कधीही न तपासलेलं बोअरचं पाणी देतेयस, ज्या बोअरपासून सेप्टिक टँक किती लांब आहे हे सोसायटीत कुणालाच सांगता येत नाही.

ताजं उदाहरण हवं असेल तर पुण्यातलं घ्या, जानेवारी २०२५, सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी, किरकटवाडीचा भाग, जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) साथ, दोनशेच्या वर संशयित रुग्ण. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोट बिघडवणारे जंतू सापडले. तेव्हा त्या भागातले जवळपास तीस खासगी पाणी प्रकल्प (आरओचं, जारचं पाणी विकणारे) महापालिकेनं सील केले. कुणाकडे परवानगी नव्हती, कुणाच्या पाण्यात ई. कोलाय (शौचातून येणारा जंतू) निघाला, आणि कुणी जंतू मारायला क्लोरीन वगैरे वापरतच नव्हतं. म्हणजे मेसेज ज्याला ‘शुद्ध’ म्हणतो नेमकं तेच. जारचं पाणी गार आणि गोड लागतं म्हणून ते सुरक्षित असतं असं कुणी ठरवलं?

तुरटी: तुरटीनं गाळ खाली बसतो, पाणी स्वच्छ दिसतं. गाळासोबत थोडे जंतू पण खाली जातात, पण मरत नाहीत. जलशुद्धीकरण केंद्रात पण तुरटीच वापरतात, आणि त्यानंतर क्लोरीन टाकतातच.

पांढरं पाणी: ग्लासात घ्या आणि दोन मिनिटं ठेवा. खालून वर निवळत गेलं तर ती हवा आहे. बंद पाईपमध्ये हवा भरते, पाणी सुटलं की दाबानं त्यात मिसळते. निवळलं नाही, खाली साका बसला किंवा घाण वास आला तर मात्र नगरपालिकेत फोन करा.

वीस मिनिटं उकळा: गॅस काय फुकट येतो? पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट बास. दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण कळसूबाई, १६४६ मीटर, तेव्हा तीन मिनिटांची गरज तिथे पण नाही. मात्र उकळलेलं पाणी झाकून ठेवा आणि त्यात हात घालून पेला बुडवू नका.

शिळं पाणी हा तर आपला जुनाच आजार, ह्याला मेसेजची पण गरज नव्हती. नळ आला की कालचं भरलेलं पाणी मोरीत ओतायचं आणि ‘ताजं’ भरायचं. ते ताजं पाणी काल पण धरणातच होतं हो! २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, तेव्हा कुणी शिळं म्हणून ओतलं होतं का? झाकलेलं, स्वच्छ भांड्यातलं पाणी एका दिवसात खराब होत नाही. साठवून क्लोरीन उतरतं हे खरं, म्हणून जास्त दिवसांचं पाणी प्यायचं असेल तर उकळा किंवा मेडिक्लोरचे (क्लोरीनच्या औषधाचे) थेंब बाटलीवर लिहिलंय तेवढे टाका, नाहीतर धुण्याभांड्याला वापरा, पण ओतू नका. आठवड्यातून एकदा मात्र भांडी, टाक्या रिकाम्या करून घासायच्या, कारण डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा लागतो, कोरडा दिवस पाळा म्हणतात तो त्यासाठी. आठवड्याला एकदा आणि रोज ह्यात फरक आहे.

मीटर हवेनं फिरतं हे, नाइलाजानं, खरं आहे. पाणी येण्याआधी पाईपमधली हवा ढकलली जाते तेव्हा मीटरचे काटे फिरतात, दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात जास्तच. पण त्याचा उपाय लेखी तक्रार करून मीटर तपासून घेणं, हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसवायला लावणं. बिल नाही भरलं तर व्हॉल्व्ह कशातून बसवतील?

आणि नगरपालिकेला पण एक. तुमच्या नोटिशीत ‘तांत्रिक कारणास्तव’, ‘नागरिकांनी सहकार्य करावे’ एवढंच असतं. क्लोरीन का वाढवलं, किती वाढवलं, कधीपर्यंत, हे चार ओळींत लिहिलं असतं तर त्या मेसेजचा निम्मा जोर तिथेच गेला असता. रोज शिल्लक क्लोरीन मोजता ना, मग तो आकडा टाका की ग्रुपवर.

मामी, बोअरचं पाणी बाटलीत भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत दे, भूजल सर्वेक्षणवाल्यांची लॅब असते, फी फार नसते. बाटली त्यांच्याकडूनच घे, जंतूंच्या तपासणीला घरची चालत नाही. रिपोर्ट येईपर्यंत सूनबाईला नळाचंच पाणी, उकळून. आणि ते टीडीएसचं पेन परत करून साडेतीनशे रुपये मागून घे, नाही दिले तर माझ्या मामेभावाला पाठव, मीठ घेऊन.